सुट्टीचे दोन दिवस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा नम्रपणे नकार द्यावा असेच प्रथम मनात आले. या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी सन १९७५ चा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि ३८ वर्षे सातारा जिल्ह्यातील खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच माझी विद्या. परंतु गेल्या चैत्रात माझ्या घरी दोन दिवस असे गेले की, जो धडा मी जन्मभर दुसऱ्यांना शिकविला त्यात मी स्वतःच नापास झालो आहे, हे माझ्या ध्यानी आले. नापास झालेल्याने आपली उत्तरपत्रिका वर्गाला दाखविली तर निदान इतरांचा तरी लाभ होतो. त्याच हेतूने मी येथे उभा आहे.

आमचे चिरंजीव व सूनबाई पुण्यास नोकरी करतात. दोघांचेही काम संगणकासमोर बसण्याचे. आठवड्याचे पाच दिवस त्यांना मान वर करण्यास सवड नसते. गुढीपाडव्यानंतरच्या शुक्रवारी रात्री दोघे साताऱ्यास घरी आली. मी मनात म्हटले, लेकरे दमून आली आहेत, दोन दिवस निवांत झोपतील, गोडधोड खातील. परंतु शनिवारी पहाटे पाच वाजता पाहतो तो दोघेही पायांत बूट घालून अंगणात उभी! सूनबाई म्हणाल्या, “अण्णा, आम्ही अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतो. येता का पायथ्यापर्यंत?”

खरे सांगायचे तर मला ते रुचले नाही. सुट्टी म्हणजे विसावा, अशी आमच्या पिढीची समजूत. त्यातून घरातील सुनेने पहाटे गडावर जावे, शेजाऱ्यांनी पाहावे, हेही मनाला किंचित खटकले. तरी काठी घेऊन निघालो. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे मी पायथ्याच्या रस्त्यावरच थांबलो व ती दोघे चढून गेली.

साताऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला हा किल्ला आपण इतका रोज पाहतो की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. सन १६७३ साली तो शिवछत्रपतींच्या ताब्यात आला, १७०० साली औरंगजेबाने वेढा घालून घेतला आणि पुढे १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. एके काळी मराठ्यांच्या राजधानीचा मान ज्याने मिरविला, त्या गडावर आज रोज पहाटे शेकडो नागरिक व्यायामासाठी चढतात. त्या दिवशी मी पायथ्याशी बसून मोजू लागलो. सत्तरीच्या बायका, शाळकरी मुले, नवरा-बायकोच्या जोड्या, सर्व वयाची माणसे वर चालली होती. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटलेली, कोठे तांबट पक्षी ठोक्यावर ठोका दिल्यासारखा बोलत होता. वयाच्या ६७ व्या वर्षी, जन्म सारा या जिल्ह्यात काढून, चैत्रातील ही पहाट मी प्रथमच उघड्या डोळ्यांनी पाहत होतो.

खाली आल्यावर दोघांनी अंगणात सतरंजी अंथरून सूर्यनमस्कार घातले. मी विचारले, “हे कोठे शिकलात?” तर म्हणे पुण्यात एका वर्गाला पैसे भरून शिकलो. मला हसू आले. आपल्याच जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते. संस्थानातील शाळांतून त्यांनी ते चालू केले, स्वतः नेमाने घातले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. घरची विद्या आपण आळसाने टाकून दिली आणि मुलांना ती दाम मोजून परत आणावी लागली! जागतिक आरोग्य संघटनेनेही सन २०२० च्या आपल्या सूचनांत प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा व निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत, असे म्हटले आहे. रोजचा हिशेब केला तर ही काही मोठी मागणी नव्हे. २५ मिनिटांत त्याचा आरंभ होतो.

दुपारी उन्हे कलल्यावर मुले मला लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवर घेऊन गेली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या घराण्यातील वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधविली. अष्टकोनी घडीव दगडी काम, आत उतरायला जिना आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला महाल. एकाच वेळी १२ मोटा चालतील अशी योजना तेथे आहे. मुले छायाचित्रे घेत होती. मी थारोळ्याच्या दगडाकडे पाहत बसलो. सूनबाई सहज बोलून गेल्या, “बांधणाऱ्याचं नाव दगडावर आहे. मोटा हाकणाऱ्यांचं कुठंच नसेल, नाही का अण्णा?” मी मान डोलावली. त्या प्रश्नाचा रोख दुसऱ्या दिवशी माझ्याच घरापर्यंत पोहोचेल, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

रविवारी सकाळी दोघे परसात शिरली. मंडळी, आमचे परस पाच वर्षे ओसाड पडले होते. माझी पत्नी निवर्तली तेव्हापासून तिकडे कोणी फिरकले नव्हते. एक लिंबाचे झाड, दोन केळी, अळूचा वाफा, मोगऱ्याची जाळी, असे तिचे ते राज्य. आता तेथे गुडघाभर पालापाचोळा आणि घाणेरीची झुडपे माजली होती. मी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि तेथूनच म्हणालो, “काडी लावा त्या पाचोळ्याला, म्हणजे झटपट मोकळे होईल.”

सूनबाईंनी ते मानले नाही. त्यांनी कोपऱ्यात तीन हात लांब, तीन हात रुंद असा खड्डा चिरंजिवांकडून खणवून घेतला. चार बोटे पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर मूठ मूठ माती, असे थर रचले. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच ठेवायची, पंधरा दिवसांनी वरखाली करायचे आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून वर झाकण घालायचे. असे केले की तीन-चार महिन्यांत काळेभोर खत तयार होते. जाळला असता तर त्याचा धूर शेजाऱ्यांच्या नाकात गेला असता व राख वाऱ्यावर उडाली असती. लिंबाचे आळे त्यांनी खोडापाशी केले नाही. भर दुपारी झाडाची सावली जेथवर पडते तेथवर गोल आखून केले. कारण अन्न शोषणारी कोवळी मुळे तेथवर पसरलेली असतात. उरलेला पाचोळा त्या आळ्यात अंथरला, म्हणजे उन्हाने ओल उडून जात नाही. मोरीचे सांडपाणी पन्हळ करून केळींकडे वळविले. हे सर्व मी ओटीवरून पाहत होतो. हातातील वर्तमानपत्राचे पान मी कितीतरी वेळ उलटले नव्हते.

इतक्यात सूनबाई एक खुरपे घेऊन माझ्यापुढे आल्या. “अण्णा, हे कोणाचं?” मी म्हटले, “तुझ्या सासूबाईंचे.” “मग याच्या मुठीला ही चिंधी का गुंडाळली आहे?”

पाहिले तो जुन्या पातळाची पट्टी घट्ट आवळून बांधलेली. आत लाकडी मूठ उभी चिरलेली होती. आणि मला एकदम आठवले. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतील गोष्ट. ती म्हणाली होती, “खुरप्याची मूठ फुटली आहे, हाताला लागते. बाजारातून येताना नवी घेऊन या.” मी बरे म्हटले व विसरलो. आठवड्याने तिने पुन्हा सांगितले. मी पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. तिने चिंधी बांधली आणि त्याच खुरप्याने पुढे वर्षानुवर्षे त्या परसात काम केले.

श्रोतेहो, यात अधिक लाजिरवाणे ते पुढेच आहे. दरवर्षी २० डिसेंबरला, संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीस, मी शाळेत स्वतः हाती झाडू घेऊन मुलांबरोबर मैदान झाडीत असे. श्रमप्रतिष्ठेवर माझे भाषण होई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहावयास, स्वयंपाक करावयास व कष्ट करून शिकावयास लावले, हे मी डोळ्यांत पाणी आणून सांगत असे. मुले टाळ्या वाजवीत. आणि घरी आलो की पाय धुवायला पाणी, पुढ्यात चहा, मग ताट, हे सर्व जागच्या जागी हवे असे. शाळेचे मैदान मी झाडले. घरचे अंगण ४० वर्षांत एकदाही झाडले नाही. ते काम तिचे, असे मी कधी बोलून दाखविले नाही, कारण तसे बोलण्याची गरजच कधी पडली नाही.

मी सूनबाईंना खरे कारण सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मागे चिरंजीव उभा होता. तो हळूच म्हणाला, “मला माहीत होतं, अण्णा. मीही आणली नाही.” एका घरातील दोन पुरुष एका मुठीसाठी असे माना खाली घालून उभे राहिलो. मग मी धोतर खोचून परसात उतरलो. दहा मिनिटांत धाप लागली. ते दोन वाफे खुरपायला तिला किती श्रम पडत असतील, याचे माप मला त्या दहा मिनिटांनी दिले.

दुपारचे जेवण झाल्यावर चिरंजीवाने भांडी घासली. सांगावे लागले नाही. त्यांच्या पुण्याच्या घरी तशी वाटणीच आहे. संध्याकाळी आम्ही तिघे माहुलीच्या संगमावर गेलो. कृष्णा आणि वेण्णा तेथे एकत्र येतात. घाटाच्या पायरीवर बसून सूनबाईंनी डब्यातील आंब्याची डाळ वाढली. रात्री मुले पुण्यास परतली. सोमवारी मी सुताराकडे जाऊन खुरप्याला बाभळीची मूठ बसवून आणली. ज्या हाताला ती हवी होती तो हात आता नाही. म्हणून रोज सकाळी अर्धा तास ते खुरपे मीच चालवितो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आपले घरगुती रडगाणे ज्ञातिमंडळाच्या सभेत कशाला? तर त्याचे कारण असे. आपल्या मंडळाची वधूवर-सूची दरवर्षी निघते. मी ती चाळली. वधूच्या नावापुढे ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द पानोपानी आहे. वराच्या नावापुढे शिक्षण आहे, पगार आहे, उंची आहे, स्वतःचे घर आहे. हा एक शब्द कोठेही नाही. दोघेही नोकरी करणार, दोघेही सायंकाळी थकून येणार, मग ही दक्षता एकाच बाजूने का? माझी चिटणिसांना विनंती आहे की पुढील सूचीत वराच्या माहितीतही ‘गृहकृत्ये येतात काय’ असा एक रकाना घालावा. काही रकाने सुरुवातीला रिकामे राहतील, राहू द्यावेत. रिकामा रकाना मुलांना लाजवील आणि लाज माणसाला शिकविते, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी विनंती तरुण मंडळींना. सुट्टीच्या दोन दिवसांत थोडा वेळ शरीराला द्या, थोडा वेळ मातीला द्या आणि थोडा वेळ घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन बाहेर काढा. चैत्र-वैशाखात डोंगर चढायचा तर उन्हे तापण्यापूर्वी उतरून या, पाणी जवळ ठेवा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी सपाटीवर चालावे. गड पायथ्यावरूनही दिसतो.

तिसरी विनंती आजच्यापुरतीच आहे. थोड्याच वेळात भोजनाच्या पंक्ती बसतील. दरवर्षी आपल्या भगिनी सर्वांना वाढून शेवटी जेवतात आणि मग भांडीही त्याच आवरतात. आज पहिली पंगत भगिनींची बसू द्या. वाढायला मी उभा राहतो. माझ्याबरोबर कोण कोण येतो ते पाहतो. गेली अनेक वर्षे या मंडपात वाढप करून जी शेवटच्या पंक्तीला बसत आली, ती आज पहिल्या पंक्तीला नाही, याची रुखरुख मला राहील. परंतु तुमच्यापैकी अनेकांच्या घरची माणसे आज समोर बसलेली आहेत. माझ्याइतका उशीर तुम्ही करू नये.

अधिकउणे बोललो असल्यास लहान-थोरांनी क्षमा करावी.  इतके बोलून मी आपली रजा घेतो व पाकशाळेकडे वळतो.