मज्जेतल्या मूळपेशी आणि आपले गुडघे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजचा विषय चिटणीसबाईंनी सुचवला असला, तरी तो खरा निघाला तो आपल्या जिन्यात. मंडळ दुसऱ्या मजल्यावर, आणि निम्म्या जणी कठडा धरून वर येतात. अलीकडे दोघीतिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "स्टेम सेलचे इंजेक्शन घेतले की झिजलेला गुडघा पुन्हा नवा होतो म्हणतात, घ्यावे का?" एकीने तर त्यासाठी पाटल्या मोडण्याचा बेत केला आहे. तेव्हा पाटल्या मोडण्याआधी जरा समजून घेऊ या.

आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तिच्यात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात मज्जारोपण करतात ते त्यांच्या बळावर, आणि तो उपचार आता चांगला रुळलेला आहे. मात्र त्याच मज्जेत दुसऱ्याही मूळपेशी असतात. मॉस्कोतील संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी 1970 च्या सुमारास असे दाखवले, की मज्जा काचेच्या भांड्यात वाढवली तर काही थोड्या पेशी तळाला चिकटून बसतात, वाढतात, आणि पुन्हा प्राण्याच्या शरीरात ठेवल्या तर त्यांचे हाड बनते. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलंडचे अर्नोल्ड कॅप्लन यांनी 1991 साली त्यांना 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव दिले. या पेशी चरबीत आणि बाळाच्या नाळेतही सापडतात. एकाच कणकेची पोळी, पुरी, फुलका व्हावा, तसे प्रयोगशाळेत यांचे हाड, कूर्चा किंवा चरबी होऊ शकते.

इथवर ऐकले की कोणालाही वाटेल, मग गुडघ्यात घातल्या की कूर्चा तयार! गडबड होते ती इथेच. शरीरात टोचलेल्या या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. जाण्यापूर्वी त्या अशी द्रव्ये सोडतात की सूज शमते आणि जागच्या पेशींना डागडुजीची चालना मिळते. लग्नघरी आलेली अनुभवी आत्या स्वतः एक लाडू वळत नाही, पण चार जणींना कामाला लावून जाते, त्यातला हा प्रकार. खुद्द कॅप्लन यांनीच 2017 साली लिहिले, की मी दिलेले नाव आता बदला, 'स्टेम सेल' या शब्दाने लोकांचा गैरसमज होतो. आपणच ठेवलेले नाव मागे घ्यायला मोठे मन लागते!

म्हणून या पेशी निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. परक्या मज्जेच्या रोपणानंतर कधी कधी ती मज्जाच रोग्याच्या शरीरावर उलटते. स्टेरॉइडलाही न जुमानणाऱ्या अशा विकारात मुलांसाठी अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये या पेशींच्या औषधाला मान्यता दिली. आपल्याकडे बंगळुरूच्या एका कंपनीच्या औषधाला 2020 मध्ये परवानगी मिळाली, ती बर्जर रोगासाठी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून जखमा चिघळतात आणि पाय कापण्याची पाळी येते, तो हा रोग. त्याच औषधाला 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठीही परवानगी मिळाली. चाचणीत मध्यम झीज असलेल्या रोग्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या. उलट 2023 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तिन्ही तऱ्हांच्या पेशी गुडघ्यात टोचून पाहिल्या. वर्षाअखेर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा एकीचाही जास्त गुण दिसला नाही. दुखणे कमी होईल, असे कोणी म्हणाले तर ऐकून घ्यावे. गुडघा नवा होईल म्हणणाऱ्यापाशी फार वेळ बसू नये.

खरी भीती आहे ती आपल्याच खोलीत चरबी काढून, चाळून, तिथल्या तिथे टोचणाऱ्यांची. फ्लोरिडात 72 ते 88 वयाच्या तीन स्त्रियांनी दृष्टी सुधारावी म्हणून पाच हजार डॉलर भरून दोन्ही डोळ्यांत अशी इंजेक्शने घेतली. तिघींची दृष्टी जवळजवळ गेली. ही हकीकत 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. त्या काही भोळ्या नव्हत्या. आपला उपचार एका शास्त्रीय चाचणीचा भाग आहे, असाच काहींचा समज होता. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांना हात लावू दिला, एवढेच राहून राहून मनाला लागते.

आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. मान्यता नसलेला मूळपेशींचा उपचार फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो, एरवी तो गैरव्यवहार ठरतो. तेव्हा डॉक्टरांना विचारावे : औषधाचे नाव काय? त्याला याच रोगासाठी परवानगी आहे का? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक कोणता? आणि चाचणीच असेल, तर पैसे कसले मागता? हे विचारताना संकोच वाटला तर दोघी मिळून जावे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी आपण अर्धा तास बोलतोच की!

पाटल्यांवाल्या भगिनी आज समोरच बसल्या आहेत. त्यांचे क्ष-किरण चित्र त्यांनी बरोबर आणले आहे, आणि चहानंतर आपल्या मंडळाच्या डॉक्टरीणबाई ते पाहणार आहेत. आणखी कोणाला काही विचारायचे असेल तर तेव्हाच विचारावे.