जाऊ मी सिनेमात?

नांदगाव पेठेतल्या आजीबाईंना ‘कुंकू’ विचारा, नाव ओळखीचं निघेल. 1937 सालचा प्रभात फिल्म कंपनीचा हा बोलपट, व्ही. शांताराम यांचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्यात रडत बसत नाही, नवऱ्याला नवरा मानायचंच नाकारते. ती नीरा म्हणजे शांता आपटे. सोलापूरकडच्या दुधनीत 1916 साली जन्मलेली, गळ्यानं गाणारी आणि डोळ्यांनीही गाणारी नटी.

पण मला त्यांची दुसरी बाजू मोठी वाटते. 1939 साली कराराच्या वादातून त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. नावाजलेली नटी, आणि मागणी न्यायाची! त्या काळी हे धाडस सोपं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, त्यांनी पुस्तक लिहिलं: ‘जाऊ मी सिनेमात?’ आठवणींची गोड पोतडी नव्हे हो ती. सिनेमाचा धंदा कसा चालतो, पैसा कुठं जातो, कलावंत आणि कामगार कुठं पिळला जातो, हे त्यांनी धंद्याच्या आतून मांडलं. सिनेमात जायचं म्हणणाऱ्या पोरींना त्यांनी खरं तेच सांगितलं.

1941 साली ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्या सावित्री झाल्या, सोबत नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी. 1964 च्या फेब्रुवारीत शांता आपटे गेल्या.

गावच्या वाचनालयात त्यांचं हे ‘जाऊ मी सिनेमात?’ पुस्तक नसेल, तर ग्रंथपालांकडे मागणी जरूर नोंदवा.