पाणी बघून पंखा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अडाण नदीच्या काठी, बोरी अरबला बसून वेगवान मोटरबोटींची गोष्ट कशाला ऐकायची, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे नदी ओलांडायला डोंगा आणि लांब बांबू पुरे. पण पुराच्या दिवसांत गावात इंजिनाची बोट येते, तेव्हा ती कुठवर जाईल हे तिच्या मागच्या पंख्यावर ठरतं. म्हणून आज या पंख्याविषयी, म्हणजे प्रोपेलरविषयी बोलू.

पंखा पाणी मागे ढकलतो आणि बोट पुढे जाते. मग जोरात फिरवला की बोट जोरात पळायला हवी. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ साली ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट पाण्यात सोडली, तेव्हा हा हिशेब चुकला. पंखा गरगर फिरे, पण हवा तसा वेग येईना. अति वेगाने फिरणाऱ्या पात्यावर एका बाजूला दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होते. पातं मग पाण्याऐवजी बुडबुडे कापत बसतं. हे बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्स यांनी तीन दांड्यांवर मिळून नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवातल्या नौदल संचलनात ही बोट सगळ्यांना मागे टाकून पळाली. तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर होता.

दुसरी अडचण पाण्याच्या विरोधाची. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. बोटीखालचा दांडा, त्याचे आधार, सुकाणू हे सगळं पाण्यातून ओढत न्यावं लागतं. यावरचा उपाय म्हणजे सरफेस ड्राइव्ह. अमेरिकेतल्या हॉवर्ड अर्नेसन यांनी केलेला त्याचा प्रकार प्रसिद्ध आहे. पोहण्याचा तलाव साफ करणारं यंत्रही याच गृहस्थांचं. या रचनेत दांडा बोटीच्या मागच्या फळीतून सरळ बाहेर येतो आणि पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर चालतो, अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. पातं पाण्यात शिरताना सोबत हवा घेऊन जातं. वाफेच्या पोकळीची जागा हवा घेते, म्हणून पात्याला खड्डे पडत नाहीत. दांडाच डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे सुकाणूही लागत नाही.

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या. त्या बोटींना मागे आउटबोर्ड इंजिनं होती. पण वेगाच्या बोटीत पंखा शक्य तितका वर ठेवायचा, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच.

मात्र या वेगाची किंमत आहे. सावकाश चालताना सरफेस ड्राइव्हचा पंखा पूर्ण बुडतो आणि इंजिनावर ताण येतो. बोट मागे घेताना जोर कमी पडतो. माणसं जास्त बसली की पंखा किती बुडायचा, तो हिशेबही बिघडतो. शिवाय फिरती पाती बोटीच्या मागे उघडी असतात.

आता पुराकडे या. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्याने वेढलं, तेव्हा हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. अशा पाण्यात बोटीला पळायचं नसतं. तिला थांबायचं असतं, मागे यायचं असतं, हात वर केलेल्या माणसाजवळ हळूच जायचं असतं. खाली कुंपणाची तार, पऱ्हाटी, बुडालेलं झाड, विहिरीचा कठडा, काय असेल सांगता येत नाही. शर्यतीत जे गुण, ते इथे दोष ठरतात.

इथे रबरी बोट आणि वर उचलता येणारं आउटबोर्ड इंजिन बरं. उथळ पाणी लागलं की इंजिन वर घ्यायचं आणि वल्ह्यांवर यायचं. काही इंजिनांच्या पंख्यात एक मऊ पिन असते. पंखा दगडावर आदळला की पिन तुटते, पण गिअर वाचतो. तेव्हा जादा पिना बोटीतच हव्यात. पाणी आत खेचून मागे फेकणाऱ्या जेटला उघडी पाती नसतात हे खरं, पण त्याची जाळी काडीकचऱ्याने लवकर तुंबते.

चालवणाऱ्याने आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. इंजिन बंद करणारी दोरी स्वतःला बांधावी, म्हणजे तो पाण्यात पडला तरी पंखा थांबतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बघत राहावं. ती थांबली, तर इंजिन तापण्याआधी बंद करावं. आणि पाण्यातल्या माणसाकडे प्रवाहाच्या खालच्या बाजूने जावं, जवळ पोचताच पंखा थांबवावा. वाचवायला गेलेल्या बोटीच्या पंख्याने कुणी जखमी होऊ नये.

गावासाठी बोट घ्यायची वेळ आली, की इंजिन किती अश्वशक्तीचं हे विचारलं जातं. त्याआधी विचारावं, आपल्या नदीला पूर येतो तेव्हा पाणी कुठे खोल असतं, कुठे उथळ, आणि खाली काय दडलेलं असतं? याचं उत्तर गावातल्या भोई आणि ढिवर मंडळींकडे आहे. त्यांना सोबत घेऊन मे महिन्यातच इंजिन एकदा पाण्यात चालवून बघावं.