घरच्या संगणकाची मुखत्यारी



2017 सालच्या जून महिन्याच्या अखेरीस न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज एकाएकी कोलमडले. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागच्या जागी होते, माणसेही कामावर हजर होती. परंतु कोणती पेटी कोणाची आणि ती कोठे रवाना करावयाची हे सांगणारे सारे दप्तर संगणकात असल्यामुळे, आणि ते संगणक मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाच्या जगभर पसरलेल्या जाळ्याशी निगडित असल्यामुळे, युक्रेनमधून 27 जून रोजी सुटलेल्या 'नॉटपेट्या' नामक विध्वंसक प्रोग्रामने त्या जाळ्याचा ग्रास घेताच इकडे उरणच्या किनाऱ्यावरही कामे हाताने उरकण्याची पाळी आली.

हा प्रोग्राम पसरला कसा, हे बंदराशी काडीचाही संबंध नसलेल्या गृहस्थानेही समजून घेण्याजोगे आहे. एका संगणकावरील फायली दुसऱ्यावरून पाहू देणारी जी व्यवस्था विंडोजमध्ये असते तिच्या जुन्या आवृत्तीत एक भगदाड होते, आणि ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 14 मार्चला प्रसृतही केली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्या यंत्रांत तो त्या वाटेने शिरला. परंतु ज्यांनी ती इमानेइतबारे बसविली होती तेही सगळे सुटले नाहीत. जाळ्यातील एखादेच गाफील यंत्र हाती लागले आणि त्यावर पूर्ण अधिकारानिशी चालावयास मिळाले, की हा प्रोग्राम त्या यंत्राच्या स्मृतीत रेंगाळणारी अधिकाऱ्यांची नावे व पासवर्ड उचलून घेई, आणि त्यांच्याच नावाने, राजरोस परवानगी असल्याप्रमाणे, शेजारच्या दुरुस्त केलेल्या यंत्रांतही प्रवेश करी.

म्हणून संगणकाची सुरक्षितता हा, माझ्या मते, बव्हंशी अधिकारवाटपाचा प्रश्न आहे. अँटिव्हायरस कोणता घ्यावा हे लोक मला हटकून विचारतात. आपण रोज कोणत्या खात्यातून काम करतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

नवा संगणक घरी आणून विंडोज सुरू केले म्हणजे जे पहिले खाते निर्माण होते ते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्वाधिकाराचे असते. पुढे वर्षानुवर्षे वडिलांचे बँकेचे व्यवहार, आईचे व्हिडिओ, मुलांचे खेळ आणि पाहुण्यांची पेनड्राइव्ह हे सारे त्याच एका मुखत्यारीखाली चालते. आपण जो प्रोग्राम चालवितो तो आपले अधिकार घेऊन चालतो, हा ऑपरेटिंग सिस्टिमचा मूलभूत नियम आहे. व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, विंडोज महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी पडदा मंद करून अनुज्ञा विचारते खरी, परंतु सर्वाधिकाऱ्यास तेथे केवळ 'होय' म्हणावयाचे असते, आणि सवयीने बोट 'होय'वर जाते. शिवकालीन गडांचा बंदोबस्त या संदर्भात मला नेहमी आठवतो: हवालदार, सबनीस आणि सरनौबत या तिघांच्या हाती तेथील कारभार विभागलेला असे, ही व्यवस्था सभासदाच्या बखरीत नमूद आहे, एकटा इसम कितीही विश्वासाचा असला तरी गड त्याच्या एकट्याच्या इमानावर अवलंबून ठेवावयाचा नाही, ही त्यामागची दृष्टी. संगणकशास्त्रात हाच विचार 1975 साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'किमान अधिकाराचे तत्त्व' म्हणून मांडला: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा.

घरच्या घरी हे करावयाचे कसे? सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'मध्ये जाऊन प्रथम एक नवे खाते उघडावे आणि त्यास ॲडमिनिस्ट्रेटर करावे. त्या खात्यात एकदा प्रवेश करून ते चालते याची खातरजमा करावी. आणि मगच आपल्या रोजच्या खात्याचा दर्जा उतरवून त्यास 'स्टँडर्ड यूजर' करावे. हा क्रम उलटू नये. घरातील इतरांसही अशीच निरनिराळी स्टँडर्ड खाती द्यावीत. आता एखादा प्रोग्राम यंत्रात बसू पाहील तेव्हा नुसत्या 'होय'ने भागणार नाही, त्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लिहावा लागेल, आणि तो लिहिताना जे क्षण जातात त्यांतच 'मी हे मागितले होते का?' हा प्रश्न मनात येण्यास अवसर मिळतो. तो पासवर्ड लांब असावा, अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा. तो वहीत लिहून कपाटात ठेवण्यास माझी मुळीच हरकत नाही, कारण परदेशातला चोर तुमच्या कपाटाशी पोहोचत नाही. कोणी फोनवरून आपण संगणक कंपनीचे माणूस आहोत असे सांगून तुमच्या यंत्राचा ताबा मिळविणारे ॲप बसविण्यास सांगेल, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्टँडर्ड खात्यात शिरलेला दुष्ट प्रोग्राम सबंध यंत्र ताब्यात घेऊ शकला नाही, तरी त्या खात्यातील छायाचित्रे व कागदपत्रे कुलूपबंद करू शकतो, कारण ती उघडण्याचा व बदलण्याचा अधिकार तुम्हांस असतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच भगदाड राहिले असेल तर अधिकारांची ही कुंपणे ओलांडता येतात. तेव्हा अपडेट आले की ते बसवावे. येथे एक चाणाक्ष श्रोता मला अडवील, की नॉटपेट्या युक्रेनमध्ये मुळात शिरला तो एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! खरे आहे, पण असे प्रकार विरळा, आणि बसवावयाची राहून गेलेली दुरुस्ती हे अपघाताचे नित्याचे कारण. विंडोज 10 ची सर्वसाधारण मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली आहे. ज्यांचे यंत्र विंडोज 11 स्वीकारीत नाही त्यांनी ते भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट एवढीच गरज असलेल्या माणसास ते पुरून उरते.

राहिला बॅकअप. मर्स्कला आपल्या जाळ्यातील खात्यांची आणि अधिकारांची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर नव्याने उभे करावयाचे होते, आणि त्यांच्या प्रती तर एकमेकींशी सतत जुळवून घेणाऱ्या असल्यामुळे एकाच वेळी नष्ट झाल्या होत्या. शाबूत सापडली ती एकच, घानामधील कार्यालयात. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले राहिले, एवढेच तिच्या बचावाचे कारण. त्या आधारावर कंपनीने 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक सुमारे दहा दिवसांत नव्याने उभे केले. अर्थात जी प्रत यंत्राला कायम जोडलेली आहे तिचा भरवसा धरू नये. बाहेरची हार्ड डिस्क आठवड्यातून एकदा जोडावी, नक्कल घ्यावी आणि काढून ठेवावी. क्लाउडवर ठेवलेली प्रत ही तिच्या जोडीला असावी. आणि दोन-तीन महिन्यांनी त्या डिस्कवरील एखादी फाईल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी, कारण कित्येकांचा बॅकअप रिकामा असल्याचे नेमके गरजेच्या दिवशी उघडकीस येते.

जाता जाता एक सूचना. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कवरील मजकूर आपोआप कूटबद्ध होतो, आणि दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला गेला तर यंत्र 48 अंकी 'रिकव्हरी की' मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी ती तेथून कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरीच ठेवावा.