आयात शुल्क आणि माझा चुकलेला सल्ला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. "नोकरीतलं काहीतरी सांग, पण झोप येईल असं नको," अशी तंबीही दिली आहे. मी जन्मभर सीमाशुल्क खात्यात होतो, म्हणजे विषय झोपेचाच. पण काल रात्री जेवणानंतर आपल्यात जो वाद रंगला, त्याने माझं काम सोपं केलं.

मागच्या बाकावरच्या आपल्या शेतकरी मित्राने विचारलं, "तू परदेशी मालावर एवढा कर वसूल केलास, त्यातलं आमच्या शिवारात काय आलं?" त्यावर लातूरला विद्यार्थ्यांची मेस चालवणारी आपली मैत्रीण म्हणाली, "शिवाराचं माहीत नाही, माझा तेलाचा डबा मात्र महागला." दोघंही खरं बोलत होते. त्यांना उत्तर द्यायचं राहिलं, ते आज देतो. त्यात माझी एक चूकही कबूल करायची आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा शिवारात करडई आणि भुईमूग होता. घाण्यावरून तेल यायचं आणि सणावाराला रेशनचं पामोलीन. पुढे 1986 मध्ये देशात तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो. मग 1994 पासून आयात खुली होत गेली. पामोलीनवर सुरुवातीला 65 टक्के शुल्क होतं, ते 1998 पर्यंत 15 टक्क्यांवर आलं. आज आपल्या देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून. आपल्या शिवारातली करडई गेली आणि सोयाबीन आलं.

आता माझी चूक. सप्टेंबर 2024 मध्ये सोयाबीनचे भाव पडले होते. हमीभाव 4,892 रुपये आणि बाजारात त्याहून बरंच कमी. तेव्हा सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के केलं. ती बातमी वाचून मला आनंद झाला. मी लगेच गावी मोठ्या भावाला फोन केला. म्हटलं, "दादा, सोयाबीन काढलं की लगेच विकू नको. शुल्क वाढलंय, भाव चढणार." दादा म्हणाला, "तू त्याच खात्यात होतास, तुला कळतं." आणि तो थांबला.

सुरुवातीला भाव थोडा हलला, मग उतरत गेला. संक्रांतीनंतर दादाने माल घातला तेव्हा दिवाळीपेक्षाही कमी भाव मिळाला. वर सोसायटीचं व्याज. तेल मात्र किराणा दुकानात महागलं होतं.

असं का झालं? गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून हिशेबच मांडतो. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण अठरा किलो. उरलेली बहुतेक सगळी पेंड. शुल्क लागलं ते तेलावर, म्हणजे अठरा किलोची किंमत वाढली. पण ब्राझील-अर्जेंटिनात सोयाबीन उदंड पिकल्यामुळे जगभर पेंड स्वस्त झाली. त्यात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात कमी दरात मिळू लागला. आपल्या पेंडीला उठाव राहिला नाही. अठरा किलोने वर ओढलं, पण बाकीच्या ओझ्याने खाली खेचलं. सर आम्हाला सांगायचे, "उत्तर लिहिण्याआधी ताळा करून बघा." मी ताळा न करता भावाला उत्तर सांगितलं.

म्हणजे आयात शुल्क निरुपयोगी आहे का? तसं मी म्हणणार नाही. ते शेताच्या बांधासारखं आहे. बांधाने पीक येत नाही, पण बांध नसेल तर वरच्या शिवारातलं पाणी आपली माती घेऊन जातं. ज्या देशांत शेतकऱ्यामागे शेकडो एकर जमीन आहे, त्यांच्याशी आपला पाच एकरवाला उघड्यावर झुंजू शकत नाही. अडचणीच्या काळात आडोसा हवाच. मात्र बांध दर हंगामाला हलवला तर त्याच्या भरवशावर पेरायचं कोणी?

2021 चा ऑगस्ट आठवा. लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. मग बारा लाख टन पेंड आयातीला परवानगी मिळाली, तेलावरचं शुल्कही उतरवलं गेलं आणि नवा माल बाजारात आला तोवर भाव निम्म्याच्या आसपास होता. पुढे 2024 मध्ये वाढवलेलं शुल्क 30 मे 2025 ला पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणलं, म्हणजे आपण बियाण्याची पिशवी घ्यायला निघालो तेव्हा. महागाई आवरायची म्हणून हे केलं जातं. मेस चालवणाऱ्या मैत्रिणीचं दुखणंही खोटं नाही.

म्हणून माझं मत एवढंच. शुल्क पेरणीआधी ठरावं आणि माल विकून होईपर्यंत बदलू नये. त्याच्या जोडीला हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू व्हावी, कारण नुसत्या शुल्काचा पैसा वाटेतच मुरतो. आणि तेल महागलं तर गरिबाला ते रेशनवर मिळावं. शेतकऱ्याला वाचवण्याचा सगळा भार मैत्रिणीच्या कढईवर का टाकायचा?

दादाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट यंदा जूनमध्ये त्यानेच फोन केला, "शुल्क किती आहे आता?" मी या वेळी तेलाचं सांगितलं, पेंडीचंही सांगितलं. "मग तूर लावू?" म्हणाला. तुरीची आयात तर तेव्हा शुल्कमुक्तच होती, तेही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे पेरायचं आम्हीच ठरवायचं."

त्याने सोयाबीनच पेरलं. सप्टेंबरच्या पावसाने त्यातलं निम्मं नेलं. उरलेलं कधी विकायचं ते मी त्याला सांगितलं नाही. फक्त या वेळी सोसायटीचं व्याज मी भरलं.

सर, ताळा करायला मी साठी उलटल्यावर शिकलो. उशिरा आलेला विद्यार्थी म्हणून माफ करा.