भूक आवरणारी औषधे : घ्यावयाची खबरदारी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक भाषण)



सहा बाह्य तपांमध्ये अनशन पहिले आणि ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, दुसरे. भुकेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजातच आज वाढलेले पोट, मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी दिसतात. दिवसभर गादीवर बसून चालणारा व्यापार, नाश्त्याला फरसाण, प्रत्येक मंगल प्रसंगी तुपातली मिठाई आणि चालण्याचा कंटाळा ही त्याची उघड कारणे होत. यावर उपाय म्हणून आता भूक कमी करणारी औषधे आली असून गुलमंडीपासून सिडकोपर्यंत त्यांची चर्चा ऐकू येते. या औषधांची निंदा करणे वा भलामण करणे हा प्रस्तुत भाषणाचा हेतू नाही. ज्यांना ती घ्यावी लागतात, त्यांनी ती डोळसपणे घ्यावीत, एवढाच आहे.

या औषधांचा पूर्वेतिहास सावध करणारा आहे. फेनफ्लुरामीन हे औषध हृदयाच्या झडपांना इजा करते असे आढळल्याने १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. रिमोनाबंट या गोळीने नैराश्य व आत्महत्येचे विचार बळावतात असे दिसून आले आणि भारतात २००९ साली तिच्यावर बंदी आली. सिबुट्रामीनमुळे हृदयरुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो हे सिद्ध झाल्यावर भारत सरकारने २०११ साली त्यावरही बंदी घातली. बंदीनंतरही 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविण्याच्या चूर्णांत व कॅप्सूलमध्ये सिबुट्रामीन लपवून मिसळलेले अनेक देशांत सापडले आहे. म्हणून आयुर्वेदिक असे छापलेले दिसले तरी परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि पक्के बिल यांवाचून असे काही घेऊ नये.

आजची औषधे निराळ्या जातीची आहेत. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' या नावाने आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये 'वेगोवी' या नावाने भारतात आले. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचावयाची ही इंजेक्शने आहेत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकासारखे त्यांचे कार्य असते. जठर सावकाश रिकामे होते, मेंदूला तृप्तीचा संदेश मिळतो आणि अन्नावरची वासना कमी होते.

पहिली खबरदारी पात्रतेची. साधारणतः शरीर-वस्तुमान निर्देशांक ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असल्यास ही औषधे दिली जातात. लग्नाच्या फोटोत बारीक दिसावे म्हणून ती घ्यावयाची नसतात. विवाहोत्सुक वा नवविवाहित भगिनींनी तर विशेष जपावे. गर्भधारणेत ही औषधे वर्ज्य आहेत आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी बंद करावे लागते.

दुसरी खबरदारी माहिती न लपविण्याची. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घराण्यातील इतिहास, स्वादुपिंडाची पूर्वी आलेली सूज, पित्ताशयातील खडे, मूत्रपिंडाचे वा डोळ्यांच्या पडद्याचे विकार आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. शस्त्रक्रिया ठरल्यास भूलतज्ज्ञांनाही सांगावे, कारण जठरात अन्न शिल्लक राहिलेले असू शकते.

तिसरी खबरदारी मात्रेची. सेमाग्लुटाइडची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने, तर टिर्झेपेटाइडची २.५ मिलिग्रॅमने होते आणि निदान चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी मात्रा वाढविली जाते. घाईने वाढविल्यास मळमळ, उलट्या, जुलाब वा बद्धकोष्ठ बळावते. न वापरलेले इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे. गोठलेले इंजेक्शन टाकून द्यावे. आपल्या शहरातील एप्रिल-मे महिन्यांचे ऊन लक्षात घेता ते दुकानाच्या गल्ल्यात वा मोटारीत ठेवणे योग्य नव्हे. एकाचे पेन दुसऱ्याने, सुई बदलूनही, वापरू नये.

चौथी खबरदारी आपल्या समाजापुरती सर्वांत महत्त्वाची असून ती तपश्चर्येविषयी आहे. पुढील प्रसंग कोणत्याही घरात घडू शकेल. पन्नाशीतले एक गृहस्थ मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी आणि वजनासाठी साप्ताहिक इंजेक्शन घेतात. पर्युषणात ते अठाई आरंभतात. यंदा भूक जाणवतच नाही, म्हणून घरचे कौतुक करतात. वास्तविक ती भूक औषधाने दबलेली असते. उपवासातही गोळी चालूच असते. तिसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर त्यांना दरदरून घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. ही तपाची अशक्तता नसून रक्तातील साखर घटल्याची चिन्हे होत. त्या क्षणी रात्रीचे चौविहार आहे म्हणून साखरेचे पाणी द्यावे की न द्यावे, या विचारात घर थबकले तर जीव धोक्यात येतो. शुद्ध असल्यास साखर वा ग्लुकोज तत्काळ द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठावे. व्रतभंगाच्या भयाने कोणी अडखळू नये, कारण पच्चक्खाणाच्या सूत्रांतच समाधी टिकविण्यासाठी आगार, म्हणजे सूट, ठेवलेली आहे. शास्त्रकारांनी हे आधीच ओळखले होते.

अशी वेळच येऊ नये यासाठी आगाऊ विचार हवा. उपवासाच्या आदल्या दिवशी इंजेक्शन टाळल्याने काम भागत नाही. सेमाग्लुटाइड शरीरातून जवळपास पूर्ण निघून जाण्यास सुमारे पाच आठवडे लागतात. म्हणून पर्युषणाची अठाई असो वा दशलक्षण पर्वातील उपवास, संकल्पाचा विचार चातुर्मास बसतानाच डॉक्टरांना सांगावा आणि डॉक्टरांचा सल्ला गुरुमहाराजांच्या कानी घालावा. मधुमेहाची औषधे आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि उपवासात तशीच चालूही ठेवू नयेत. उलट्या-जुलाब होत असताना निर्जल उपवास केल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ज्यांना मोठे तप झेपणार नाही, त्यांच्यासाठी ऊणोदरी, रसत्याग आणि स्वाध्याय हेही तपच आहे.

पाचवी खबरदारी आहाराची. वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. भूक नसली तरी मूग, मटकी, हरभरा, दूध, पनीर यांतून पुरेशी प्रथिने घ्यावीत. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सहज आढळते, तेव्हा त्याची तपासणी करावी. हिमायत बागेतील सकाळचे चालणे आणि थोडा भार उचलण्याचा व्यायाम यांना पर्याय नाही. औषध बंद केल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात दिसले आहे. सवयी न बदलता घेतलेले औषध म्हणजे मुद्दल न फेडता भरलेले व्याज होय.

पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे किंवा दृष्टीत अचानक बदल झाल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे अथवा घाटी रुग्णालयात जावे. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर कळविता येतो.

औषधाने भूक दबते, संयमाने ती जिंकली जाते. पहिल्यासाठी वैद्याची अनुज्ञा लागते, दुसऱ्यासाठी गुरूची, आणि दोन्ही एकाच देहात चालावयाच्या असतील तर दोघांनाही संपूर्ण माहिती असणे आवश्यक आहे. येत्या चातुर्मासात तपस्व्यांची नावे नोंदविताना 'चालू औषधे' असा एक रकाना वहीत वाढविला गेला, तरी या भाषणाचे सार्थक होईल. देह हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याची जयणा करणे हाही धर्मच होय.

जय जिनेंद्र!