राजाचा पक्ष, रयतेची मतं
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)

साथींनो, आज एका राजाची गोष्ट सांगतो. आपल्याकडची नाही, तेव्हाच्या बिहारातल्या छोटानागपूरची. तिथं हजारीबाग भागात रामगढची मोठी जमीनदारी होती. लोक तिला राजच म्हणत. तिचा राजा कामाख्या नारायण सिंह.

१९५० साली बिहार सरकारनं जमीनदारी मोडायचा कायदा केला. जमीनदार कोर्टात गेले. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टानं कायदा रद्द ठरवला. त्याच वर्षी घटना दुरुस्त झाली, तेव्हा कुठं तो टिकला.

राजा नुसत्या कोर्टकचेऱ्यांवर थांबला नाही. त्याचा स्वतःचा पक्षच होता: छोटानागपूर संथाल परगणा जनता पार्टी. (१९७७ ची जनता पार्टी वेगळी.) १९५२ ला बिहार विधानसभेत तिच्या ११ जागा आल्या, १९५७ ला २३. पुढं राजा पक्षासकट राजाजींच्या स्वतंत्र पक्षात गेला. १९६२ ला त्या पक्षानं बिहारात ५० जागा घेतल्या. १९६७ च्या बिगर-काँग्रेस सरकारात राजा मंत्रीही झाला. १९७० ला वारला.

आता इचार करा. जमीनदार असून असून किती असणार? मग २३ जागा कुणाच्या मतांवर आल्या? कुळांच्याच ना! ज्यांच्याकडून राजानं पिढ्यान्‌पिढ्या खंड घेतला, त्यांनीच त्याला निवडून दिलं.

ती माणसं अडाणी होती म्हणून? मला तसं वाटत नाही. जमीनदारी गेली, पण जंगल रयतेच्या हाती आलं नाही, सरकारच्या हाती गेलं. राजाचा कारकून गेला, फॉरेस्टचा गार्ड आला. लाकडाच्या मोळीला अडवणारा हात तेवढा बदलला. लोकांचा राग खरा होता. तो राग आपल्या पदरात कसा पाडून घ्यायचा, हे राजाला कळलं.

आपल्याकडंही उद्या एखादा बडा जमीनवाला म्हणेल, "फॉरेस्टवाले तुम्हाला छळतात, माझ्या मागं या." छळतात हे खरंच आहे. पण त्याला भर सभेत उभं राहून इचारा: भाऊ, लढा जिंकला तर सातबारा कुणाच्या नावावर होणार? जंगल कुणाच्या ताब्यात राहणार? आमच्या गावाच्या, का तुझ्या वाड्याच्या?

सरळ उत्तर आलं नाही, तर त्याच्या गाडीत बसू नका. आपला मोर्चा आपण पायीच नेऊ.

जिंदाबाद!